ब्रशमधलं भस्म

तोंड धुवायच्या विजेच्या ब्रशच्या डोक्यात एकूण ब्याण्णव झुबके होते आणि त्यांतल्या एकोणीस झुबक्यांच्या मुळाशी काहीतरी होतं. पांढरे केस चार, सगळे तीन मिलिमीटरच्या आतले, एका टोकाला तिरके कापलेले. काळा केस एकही नाही. कातडीचे पापुद्रे, मोजता येतील असे, सात. करड्या रंगाची भुकटी, चिमटीत घेतली तर बोटांच्या रेषांत जाऊन बसणारी. आणि बाहेरून दुसऱ्या वर्तुळात, दोन झुबक्यांच्या बेचक्यात, भाताचं अर्धं शीत, वाळून नखासारखं पिवळट झालेलं. शिवरंजनीनं न्हाणीघराच्या खिडकीशी उभं राहून, कॉलेजात असताना घेतलेल्या भिंगातून हे पाहिलं, दोनदा मोजलं. हनुवटीला काहीतरी टोचलं म्हणून तिनं चालू ब्रश थांबवून उलटा केला होता, एवढंच निमित्त. म्हणजे मोजायच्या आधी पूर्ण एक मिनिट हे सगळं तिच्या तोंडावरून गोल गोल फिरलं होतं. तिनं तोंड धुतलं, साबणानं एकदा, नुसत्या पाण्यानं चारदा, परत साबणानं. गाल ताणले गेले, ओठांच्या कडा चुरचुरल्या, तरी ते शीत अजून तोंडावरच आहे असं वाटत राहिलं. मग वाटलं, तोंडावर नाही, तोंडात आहे. उष्टं हा शब्द तिनं प्रयोगशाळेत कधी वापरला नव्हता. तिथं दूषित म्हणायचे, आणि दूषित झालेलं उकळून घेता यायचं. उष्ट्याचं काय करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पाथरीच्या बाजारगल्लीतल्या त्या घरात माणसं पाच आणि न्हाणीघर एक. नवरा शंभुराज, त्याची दाढी काळी. सासू गौराबाई आणि नणंद धनश्री, त्यांचा प्रश्नच नव्हता. पांढरी दाढी घरात एकाच माणसाला होती, सासऱ्यांना. सांबप्पांना सात महिन्यांपूर्वी लकवा मारला होता. डावा पाय आता ओढत का होईना चालायला लागला होता, डावी मूठ वळत होती. पण डाव्या अंगाला लागलेलं कळत मात्र काहीच नव्हतं. घास डाव्या गालात अडकून राहायचा आणि त्यांना ठाऊक नसायचं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार हनुवटीवरून गळ्यापर्यंत उतरायची आणि ते घरच्या दुकानातल्या तुरीच्या बियाण्याबद्दल बोलत राहायचे. जेवताना शिवरंजनी त्यांच्या डाव्या बाजूला बसायचं टाळायची. आणि आता त्याच गालावरून, त्याच कोपऱ्यातून हा ब्रश तिच्या गालावर आला होता. किती दिवसांपासून? तिनं हिशेब मांडला. आधी एका चार्जिंगवर ब्रश एकवीस दिवस चालायचा. गेल्या दोन खेपांना तो अकरा दिवसांतच थांबला होता आणि ती बॅटरीला दोष देत होती. म्हणजे किमान बावीस दिवस. दिवसातून दोनदा. तिनं परत साबण हातात घेतला.

“धनू, माझा ब्रश कोण घेतंय?” तिनं अंगणात वेणी घालत बसलेल्या धनश्रीला विचारलं.

“मी न्हाई वहिनी. मला त्याच्यानं गुदगुल्या होतेत.” धनश्रीनं रबर दातात धरून सांगितलं. “आईला विचार.”

“आत्याला कसं विचारू?” सासूला ती आत्या म्हणायची.

“मग नको विचारूस.”

म्हणजे धनश्रीला माहीत होतं. शिवरंजनीनं ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली, गाठीवर आणखी एक गाठ मारली, पिशवी न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली आणि ती मानवत रस्त्यावरच्या दूध शीतकरण केंद्रात कामाला गेली. तिथं तिचं काम गावोगावच्या कॅनमधलं दूध तपासायचं होतं. कुठल्या दुधात किती जिवाणू, ते काचेच्या बशीत वाढवून मोजायचे. हे काम तिला आवडायचं, कारण त्यात किळसेला आकडा मिळायचा आणि आकडा मिळाला की किळस मावळायची. आज मात्र तसं झालं नाही. कॅनची झाकणं उघडताना कोमट दुधाचा तो जनावराच्या अंगासारखा वास नाकात शिरला आणि तिला वाटलं, सगळं कुणाच्या तरी आतून आलेलं आहे. साय म्हणजे तरी काय. खिडकीतून दिसणारा चहावाला ग्लास त्याच बादलीत बुचकळून काढत होता. केंद्रातली सरजाबाई बोटाला थुंकी लावून पावत्यांची पानं उलटत होती, गेली कित्येक वर्षं उलटत असेल, आणि त्या पावत्या शिवरंजनी रोज हातात घेत होती.

परभणीला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात असताना एक प्रात्यक्षिक होतं. प्रत्येकीनं आपल्या गालावरून ओला बोळा फिरवायचा, तो बशीतल्या अगरवर, जिवाणू वाढवायच्या जेलीवर, ओढायचा, दोन दिवस उबेत ठेवायचा आणि उगवलेले ठिपके मोजायचे. शेजारच्या उत्तरा नावाच्या मुलीचे चौतीस आले. भक्तीचे एकाहत्तर. शिवरंजनीचे दोनशे अकरा. पिवळे, पांढरे, मधूनच एखादा नारिंगी, कडा चकचकीत, जवळून पाहिलं तर पुवाळलेल्या मोत्यांसारखे. सरांनी तिची बशी उजेडात धरून सगळ्यांना दाखवली. “हे बघा, असं भरघोस पीक यायला पाहिजे,” ते म्हणाले, आणि सबंध वर्ग हसला, तीही हसली. तिच्या तोंडावर तेव्हा खूप पुटकुळ्या होत्या. वालूरला माहेरी वडिलांची एक बहीण आली की तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवायची आणि दोन्ही अंगठ्यांच्या नखांनी पुटकुळी दाबायची, पांढरा किडा बाहेर आला की समाधानानं बोट लुगड्याला पुसायची. त्या प्रात्यक्षिकानंतर शिवरंजनीला आपला चेहरा हे एक शेत वाटायला लागलं, ज्यात रात्रंदिवस काहीतरी उगवतंय. ती दिवसातून अकरा वेळा तोंड धुवायची. पुटकुळ्या वाढल्या.

लग्नानंतर केंद्रात नोकरी लागली आणि तिनं हा ब्रश मागवला. घ्यावा की नाही याचा तिनं नीट विचार केला होता. आल्यावर एकवीस दिवस तिनं चेहऱ्याचा डावा अर्धा भाग ब्रशनं आणि उजवा नुसत्या हातानं धुतला, दोन्हीकडे साबण एकच, वेळ एकच. सुरुवातीला दोन्हीकडे चौदा पुटकुळ्या होत्या. शेवटी दोन्हीकडे अकरा. तिनं हे वहीत लिहिलं, वही मिटली, आणि बाविसाव्या दिवसापासून दोन्ही बाजू ब्रशनं धुवायला लागली. याचं कारण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं आणि वहीतही लिहिलं नव्हतं. ब्रश फिरत असताना, त्या एका मिनिटात, आपला चेहरा कुणीतरी दुरुस्त करतंय असं वाटायचं. ते कुणीतरी माणूस नसायचं. त्याला नखं नव्हती, वास नव्हता, मत नव्हतं.

दुपारी बाराच्या सुमारास केंद्रातली वीज गेली ती आलीच नाही, म्हणून तिला लवकर सोडलं. घरी आली तर पुढचं दार नुसतं लोटलेलं. परसातून ओळखीचा आवाज येत होता, मधमाशी बाटलीत अडकल्यासारखा. पिशवीच्या दोन्ही गाठी सोडलेल्या, पिशवी तारेवर वाळत घातलेली. सांबप्पा उन्हात प्लास्टिकच्या खुर्चीवर उघडे बसले होते, डोळे अर्धवट मिटून. समोर चौरंगावर गौराबाई, त्यांचा डावा हात मांडीवर घेऊन. घमेल्यातलं पाणी राखाडी झालं होतं. गौराबाई ब्रश कपाळावरून फिरवत होती, तिथं भस्माच्या तीन पट्ट्या सुरकुत्यांत घट्ट बसल्या होत्या. मग गालावरून, मग ओठांच्या भोवती. लाळेची तार ब्रशला चिकटली, त्याच्याबरोबर फिरली, लांबली, तुटली. गौराबाईनं ब्रश पदराला पुसला आणि नवऱ्याच्या तळहातावर टेकवला. शिवरंजनीच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

“आली का? आज लवकर सोडलं?” गौराबाईनं ब्रश थांबवलासुद्धा नाही.

“आत्या, तो माझा ब्रश हाय.”

“तुझाच हाय की. मी कुठं माझा म्हनले? रोज धुऊन ठिवते.”

“कशानं धुता?”

“पाण्यानं. तुमच्याकडं कशानं धुतेत?”

सांबप्पा हसले. हसू फक्त उजव्या अर्ध्या तोंडावर आलं, डावा अर्धा भाग ते ऐकत असल्यासारखा स्तब्ध राहिला. “सूनबाई, लय गुणाचं यंत्र आणलंत. सात महिने गोळ्या खाल्ल्या, परभणीच्या डॉक्टरकडं चकरा मारल्या, काय न्हाई. ह्यानं कळायलंय.”

“काय कळायलंय मामा?”

“हात हाय म्हणून कळायलंय.”

ते शब्द नीट उमटले नाहीत, कडांना ओले होते. गौराबाईनं ब्रश बंद केला आणि सांगायला लागली, आणि सांगता सांगता नवऱ्याची बोटं एकेक करून पुसत होती. सांबप्पांनी लहानपणी दीक्षा घेतल्यापासून एक दिवसही इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय तोंडात घास घातला नव्हता. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं पाणी, भस्म, बेलाचं पान. सगळं डाव्या तळहातावर. लकवा मारल्यानंतर पहिल्याच आठवड्यात हात कलला आणि लिंग घसरलं. गौराबाई शेजारी होती म्हणून पदरात झेललं. “अन् ह्यांना पत्ता न्हाई,” ती म्हणाली. “मोकळ्या तळव्यावर पाणी घालायलेत. मोकळ्या तळव्यावर पान ठिवायलेत. मी म्हनले, अहो, बघा. तवा डोळे उघडले.” त्यानंतर दोन दिवस ते जेवले नव्हते. शिवरंजनीला ते दोन दिवस आठवत होते. तिला कुणीतरी सांगितलं होतं की मामांचं पोट बिघडलं आहे. तेव्हापासून रोज सकाळी गौराबाईचा तळहात त्यांच्या तळहाताखाली असायचा.

“सोमवारी मी एकटा घेणार,” सांबप्पा म्हणाले. “हिचा हात नको खाली. किती दिवस बायकोच्या हातावर पूजा करू? देवाला बी कळंना झालंय कोण कुणाची करायलंय.”

“तुमाला कळतंय का तेवढं बघा, देवाचं देव बघल,” गौराबाई म्हणाली. मग सुनेकडे वळली. “ह्यांच्या हाताला खरंच कळत असल तर मी हात काढीन, न्हाईतर न्हाई. पुन्हा तसं झालं तर हा माणूस उठायचा न्हाई. तू शिकलेली हायस, तूच बघून सांग. अन् कळत असल तर असला एक आमचा आमाला मागव. तुला किळस यायली, दिसतंय मला.”

शिवरंजनी आत गेली, चूळ भरली, परत भरली. तीन दिवस तिनं भात खाल्ला नाही. भाकरीवर सासूच्या बोटांचे ठसे दिसायचे, ती तेवढा पापुद्रा काढून ताटाच्या कडेला ठेवायची आणि गौराबाई तो पापुद्रा बघायची. पाण्याच्या तांब्याच्या काठावर, दाराच्या कडीवर, टीव्हीच्या रिमोटवर तिला एक पातळ ओला थर दिसायला लागला, घरभर एकच, एकाच तोंडातून आलेला. सगळ्यांत जास्त किळस तिला एका विचाराची आली. गेल्या बावीस दिवसांत जे तिच्या गालावरचं होतं ते सांबप्पांच्या तळहातावर गेलं होतं, आणि त्या तळहातावर रोज सकाळी लिंग येत होतं. तिचं ते दोनशे अकराचं पीक. हे कुणाला सुचलं नव्हतं. गौराबाईनं तिचा ब्रश उचलताना क्षणभरही नाक मुरडलं नव्हतं.

शनिवारी शंभुराज तिला मोटारसायकलवर केंद्राकडे सोडत होता. “मागव ना दुसरा,” तो मान न वळवता म्हणाला. “कशाला खोलात शिरायलीस? म्हातारा खूश हाय.”

“अन् लिंग पडलं तर?”

“आई असती की शेजारी.”

“आई हात काढणार हाय. मी हो म्हणल्यावर.”

त्यानं पुढचा ट्रक जाऊ दिला, गिअर बदलला. “मग तू बघ,” तो म्हणाला. “आमाला कुणाला ते बघता येणार न्हाई.”

कसं बघायचं ते तिनं दुधाच्या नोंदवहीसमोर बसून ठरवलं. ब्रश चालू ठेवून उपयोग नव्हता. त्याची थरथर हाडातून वर जाते, खांद्यापर्यंत, आणि खांद्याच्या पलीकडलं अंग ती ओळखतं. ते तळहाताला कळणं नव्हे. ब्रश बंद ठेवायचा, नुसती केसांची टोकं टेकवायची. डोळे बांधायचे. वीस वेळा विचारायचं. कॅनच्या नंबरांचे शेवटचे अंक ओळीनं घ्यायचे, सम आला तर टेकवायचं, विषम आला तर हवेतच धरायचं, म्हणजे पुढचं काय हे तिचं तिलाही ठरवता येणार नाही. काही न कळता नुसत्या अंदाजानं बोललं तरी वीसांतली दहाच्या आसपास बरोबर येतात. ज्याला खरंच कळतं त्याची वीस यायला हवीत, फार तर एखादं चुकेल. ब्रशचं डोकं तिनं रात्रभर स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलं. हातमोजे घ्यावेत का, याचा तिनं खूप वेळ विचार केला, आणि मग घेतले नाहीत, कारण गौराबाईनं ते पाहिले असते.

रविवारी सकाळी आठ वाजता सांबप्पा परसात त्याच खुर्चीवर बसले. डोळ्यांवर धुतलेला पंचा बांधला. गौराबाई त्यांच्या उजव्या अंगाला बसली, त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन. आजारपणात ती अशीच बसायची. आधी उजवा हात तपासायचा होता, तेवढ्यापुरता तिनं तो सोडला. वीस वेळा विचारलं. “लागलं. न्हाई. न्हाई. लागलं.” सांबप्पा कंटाळले. “उजव्याला कशाला विचारायलात सूनबाई? तो काय आजारी हाय का?” मग गौराबाईनं उजवा हात परत धरला आणि शिवरंजनीनं डावा हात आपल्या गुडघ्यावर घेतला. थंड होता, आणि दमट, सालीखालच्या केळ्यासारखा. बोटांच्या बेचकांत पांढरी सुटलेली कातडी, अंगठ्याच्या नखाखाली भस्माची काळी पडलेली रेघ. आंबलेल्या पेजेचा वास येत होता. तो तिच्या गुडघ्यावर पूर्ण वजनानं पडून होता, आपण कुणाच्या गुडघ्यावर आहोत याची जराही दखल न घेता. तिनं श्वास तोंडानं घ्यायला सुरुवात केली.

“लागलं,” सांबप्पा म्हणाले. लागलं होतं. “न्हाई.” नव्हतं. “लागलं. लागलं. न्हाई.” ती खुणा करत गेली. दहाव्या खुणेपर्यंत एकही चूक नव्हती, आणि तिला स्वतःच्या छातीत काहीतरी हलकं झाल्याचं जाणवलं, ज्याची तिला अजिबात अपेक्षा नव्हती. म्हणजे जो ब्रश नुसत्या हातापेक्षा एक पुटकुळीही जास्त घालवत नाही, तो मेलेला हात उठवतो. असं होत नाही. पण खुणा समोर होत्या. बाराव्या खेपेला एक चूक, सतराव्याला एक. वीस झाले.

“किती?” गौराबाईनं विचारलं.

“अठरा.”

“वीसांत?”

“वीसांत.”

गौराबाईनं पदर तोंडाला लावला आणि तिच्या बांगड्या किणकिणल्या. शिवरंजनीनं वर पाहिलं. तो किणकिणाट तिनं गेल्या पाच मिनिटांत पुष्कळदा ऐकला होता. ब्रश टेकायचा, बांगड्या अगदी बारीक वाजायच्या, आणि मग सांबप्पा बोलायचे. तिनं गौराबाईच्या मांडीवरच्या सांबप्पांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. सांबप्पांच्या बोटांवर, गौराबाईनं धरलं होतं तिथं, दाबल्याचे पांढरे वळ होते. ते हळूहळू तांबूस व्हायला लागले. ब्रश टेकला की आपले हात आवळले जातात हे गौराबाईला ठाऊक नव्हतं, तिच्या तोंडावरून ते स्वच्छ दिसत होतं. सांबप्पांनाही नसावं. अठरा हा आकडा खरा होता, तो तिनं स्वतः मोजला होता, वहीत लिहून वही मिटता आली असती, आणि घरात दोन ब्रश झाले असते, एक तिचा, एक त्यांचा, तिच्या ब्रशात परत कधी शीत आलं नसतं.

“आत्या, चहा टाकता का?”

“मधीच?”

“मामांचे अजून वीस राहिलेत.”

“आता कशाला? झालं की अठरा.”

“एकदा मोजलेलं आमी धरत न्हाई.”

गौराबाई उठली. सांबप्पांचा उजवा हात गुडघ्यावर मोकळा राहिला, थोडा वेळ चाचपडला आणि खुर्चीच्या दांडीला धरून बसला. आतून पातेल्याचा, मग गॅसचा आवाज आला. “विचारा,” सांबप्पा म्हणाले, पंच्याखाली तोंड वर करून, परीक्षेला बसलेल्या हुशार विद्यार्थ्यासारखे. “लागलं,” ते म्हणाले. ब्रश हवेत होता. “लागलं.” आवाजात तसूभरही शंका नव्हती. तिसऱ्या खेपेला ब्रश तळहाताच्या मधोमध टेकला, केस वाकेपर्यंत, आणि ते “न्हाई” म्हणाले. सातव्याच्या सुमाराला त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ सुटली, तिच्या मनगटावर पडली, कोमट, आणि घड्याळाच्या पट्ट्याखाली शिरली. ती पुसायला हात हलवला असता तर त्यांचा हात हलला असता, म्हणून तिनं हलवला नाही. ती पुढचा अंक वाचत राहिली. लाळ पट्ट्याखाली हळूहळू गार होत गेली. वीस झाले तेव्हा तिनं पंचा सोडला. सांबप्पा डोळे मिचकावत तळहाताकडे बघायला लागले. गौराबाई कपबशा घेऊन उंबऱ्यात उभी राहिली.

“वाच,” ती म्हणाली.

शिवरंजनीनं वही सरळ केली आणि लिहिलं होतं तसं वाचलं. उजवा तळवा, वीसपैकी वीस. डावा तळवा, आत्या शेजारी असताना, वीसपैकी अठरा. डावा तळवा, आत्या स्वयंपाकघरात असताना, वीसपैकी नऊ.